मधली रेघ

कडा गावात आष्टीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला नसीम शेखचं मोटारी भरायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचा एक गाळा, त्यात वार्निशचा वास आणि दारात ओळीनं मांडून ठेवलेल्या, विहिरींतून उपसून आणलेल्या मोटारी. पाटी नाही आणि पाटीची गरजही नाही. आसपासच्या पंधरा गावांत कुणाची पाणबुडी मोटार जळाली की माणूस ती ट्रॅक्टरवर टाकतो आणि सरळ नसीमकडं येतो. आल्यावर तोंड बंद ठेवायचं, हेही त्याला ठाऊक असतं.

तोंड बंद अशासाठी की नसीम मोजत असतो. मोटार भरायची म्हणजे आतली जळालेली तार काढून टाकायची आणि तिच्या जागी नव्या तांब्याच्या तारेचे वेढे द्यायचे. वेढे किती, हे त्या त्या मोटारीवर ठरलेलं असतं. त्यात एक-दोनची गफलत झाली की मोटार तापते आणि पंधरा दिवसांत पुन्हा दारात येते. नसीम हे वेढे मनातल्या मनात मोजतो. त्रेचाळिसाव्या वेढ्याला कुणी "काय नसीमभाई, झाली का आमची?" असं विचारलं, की आकडा गेलाच. मग तो विचारणाऱ्याकडं असा बघतो, की तो बिचारा पुढचे दोन महिने समोरच्या अंगानं रस्ता धरतो. नसीम मात्र सगळी तार उलगडतो आणि पुन्हा पहिल्या वेढ्यापासून लागतो.

अशा दुकानात एक लेकरू वाढलं, ते म्हणजे आफ्रीन. तिची आई अनिसा दिवसभर लोकांचे कपडे शिवायला जायची, म्हणून पोरगी तिसऱ्या वर्षापासून बापाजवळ. तिला आलिफ-बे आणि अ-आ-ई यायच्या आधी एक गोष्ट पक्की आली होती: अब्बा मोजत असताना बोलायचं नाही. आणि अब्बा तर दिवसभर मोजत असायचे. त्यामुळं तहान लागली की ती बापाची बाही ओढायची, भूक लागली की समोर येऊन नुसती उभी राहायची. गिऱ्हाइकं म्हणायची, किती गुणाची पोरगी हो! नसीमलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

पोरगी पंधरा वर्षांची झाली तेव्हा मात्र त्याच्या जिवाला घोर लागला. रस्त्यापलीकडं बंकटची चहाची टपरी आहे. नसीमला चहा हवा असला की तो जागेवरूनच हाळी देतो, "बंकट, दोन!" तेच काम आफ्रीनला सांगितलं तर ती दारात जायची, "बंकटकाका," म्हणायची, आणि तो आवाज दुकानाची पायरीसुद्धा उतरायचा नाही. उसाचे ट्रॅक्टर धडधडत जायचे. मग ती गुपचूप रस्ता ओलांडून जायची आणि दोन बोटं दाखवून परत यायची. नसीम हातातली तार तशीच धरून तिच्याकडं बघत बसायचा. हिला उद्या बाहेर कुणी दटावलं, कुणी हिच्या हक्काचं काढून घेतलं, तर ही काय बोलणार?

आता या नसीमचं एक जुनं प्रकरण सांगितलं पाहिजे. हातात तार येण्याआधी तो कबड्डी खेळायचा आणि साधासुधा नाही, चढाईचा गडी म्हणून तालुक्यात नाव होतं. बंकट त्याच्याच संघात होता. एकदा पाच जण नसीमच्या अंगावर पडलेले असताना त्यानं त्या ढिगाऱ्याखालून हात काढला आणि मधल्या रेघेला फक्त नखं टेकवली. कबड्डीत तेवढं पुरतं. परक्या अंगणातून येऊन मधल्या रेघेला शिवलास, की तू जिता. बंकट ती हकिकत अजूनही नवीन माणसाला चहाबरोबर फुकट सांगतो. वीस वर्षांत नसीमच्या अंगात काही शिल्लक राहिलं असेल तर ते एवढंच: संकट आलं, की मधली रेघ गाठायची.

आफ्रीन सातवीत असताना तिनंही कबड्डीत नाव दिलं होतं. नसीमनं ते काढायला लावलं. पकडापकडीचा खेळ, पोरीच्या जातीला नको, चार लोक काय म्हणतील, वगैरे. आफ्रीन काही बोलली नाही. ती कधी बोलायची?

मग गेल्या वर्षी शाळेत ऋतुजा मॅडम आल्या, खेळाच्या शिक्षिका. त्यांनी जीपमधून एक जाळी, आठ लाकडी बॅटा आणि भोकं पाडलेले प्लास्टिकचे चेंडू आणले आणि शाळेमागच्या सिमेंटच्या फरशीवर पिकलबॉल नावाचा खेळ मांडला. फरशी आखायला नसीमच गेला, कारण मापाला त्याच्या हाताचा भरवसा. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, बॅडमिंटनचं असतं तेवढंच. जाळी रोज लावायची आणि रोज काढायची, म्हणून ती बरोब्बर जागेवर बसावी यासाठी नसीमनं मधोमध, जाळीच्या खाली, एक पिवळी रेघ मारली. ती मॅडमच्या कागदात नव्हती. मारताना त्याला बरं वाटलं होतं.

"ह्यात कुणी कुणाला शिवतं का?" त्यानं घरी विचारलं.

"नाही अब्बा. मध्ये जाळी असते."

"मंग खेळ."

एवढ्यावर परवानगी मिळाली. घरात ही माणसं दखनी बोलत, दुकानात मराठी, आणि आफ्रीनला काही समजावून सांगायचं असलं की ती शाळेच्या मराठीवर यायची. जानेवारीत तिनं दुकानाच्या फरशीवर खडूनं सगळं मैदान काढलं आणि बापाला शिकवायला बसली. कारण मॅडमनी जिल्ह्यातल्या शाळांची स्पर्धा ठेवली होती, पालक आणि मूल मिळून एक जोडी, आणि अनिसानं आधीच हात झटकले होते.

"सर्व्हिस खालून करायची, कमरेच्या खालून. वरून मारायची नाही," आफ्रीन सांगत होती. "आणि समोर नाही, तिरकी. कोपऱ्यातून कोपऱ्यात."

"बरं."

"त्यांनी सर्व्हिस केली की चेंडू आपल्याकडं एक टप्पा पडू द्यायचा. आपण परत केला की त्यांनीपण एक टप्पा पडू द्यायचा. त्याच्यानंतर मग हवेत मारला तरी चालतो."

"कावून? पयल्यापासूनच हवेत हाणला तर?"

"फॉल्ट."

बंकट चहाचे ग्लास घेऊन आला होता, तो तिथंच टेकला. आफ्रीननं खडूनं जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा रंगवला. जाळीपासून सात फूट. "ह्याला किचन म्हणतात. किचनमध्ये उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तर आत जाऊन मारा. पण हवेतला चेंडू मारताना पाय आत नको, रेघेवरपण नको."

"म्हंजी सैपाकघरात गेला की बाद?" बंकटला भारीच आवडलं. "मंग मी कवाच जिंकलो बे. लग्नाला अठरा वरसं झाली, एकदाबी पाय ठेवला न्हाई."

आफ्रीन हसली नाही. तिला पुढचं सांगायचं होतं. "आणि अब्बा, हे नीट ऐका. चेंडू तुम्ही बाहेरून मारला, पण मारलेल्या झोकात आत गेलात, तरीपण फॉल्ट. तोपर्यंत चेंडू तिकडं दोनदा पडून गेला असला तरी फॉल्ट."

"चेंडू मेल्यावर कशाचा फॉल्ट?"

"झोक तुमच्या फटक्याचाच असतो ना."

"हे काय खरं न्हाई गड्या," बंकट म्हणाला. नसीमलाही ते पटलं नाही. तो अर्धा तास पोरीशी वाद घालत होता आणि आफ्रीन शांतपणे, हळू आवाजात, तेच तेच सांगत होती. शेवटी त्यानं मान्य केलं, पण मनातून केलं नाही. जिथं पोचलं की जीव वाचतो, नेमक्या त्याच जागेला हा खेळ मनाई करत होता.

गुणांचं मात्र त्याला झटक्यात कळलं. अकरा गुणांचा डाव, पण दोननं पुढं असलं पाहिजे. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. आणि प्रत्येक सर्व्हिसच्या आधी तीन आकडे मोठ्यानं सांगायचे: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि आपल्या जोडीतला कितवा माणूस सर्व्हिस करतोय तो, एक का दोन. दोघांच्या चुका झाल्या की सर्व्हिस पलीकडं जाते; फक्त सामन्याची अगदी पहिली सर्व्हिस 'दोन' म्हणूनच धरतात. मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आकडे गोड लागले. आणखी एक गोष्ट होती. या स्पर्धेत पंच नव्हता. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत का बाहेर, ते आपणच सांगायचं. आपला पाय कुठं होता, तेही आपणच.

फेब्रुवारीत ऋतुजा मॅडम दुकानात एक फॉर्म घेऊन आल्या. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात जूनपासून जागा होती. शाळा तिथंच, खेळ तिथंच, राहणं तिथंच. आफ्रीनचा खेळ बघून त्यांनी तिचं नाव कळवलं होतं, तिकडून होकार आला होता. फक्त पालकांची सही हवी होती, सोमवारपर्यंत.

नसीमनं फॉर्मला हात लावला नाही. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. पायरीच्या खाली आवाज न उतरणारी पोर पुण्यासारख्या शहरात, परक्या पोरींत, एकटी! तिचं ताट कुणी ओढून घेतलं तर ती नुसती उभी राहील, लहानपणी उभी राहायची तशी, आणि तिथं तिच्याकडं मान वर करून बघणारं कुणी नसेल.

मग त्यानं बेरकी शहाणपणा केला. "रविवारी स्पर्धेत आपुन जिंकलो तर सही," तो बंकटच्या देखत म्हणाला. "हरलो तर हा विषय बंद."

"नसीमभाई, जिंकण्याची अट वसतिगृहाची नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझी हाय."

त्याची खात्री होती की आपण पहिल्याच फेरीत उडणार. त्रेचाळीस वर्षांचं शरीर, त्यावर दुकानात बसून आलेलं पोट. आफ्रीननं फॉर्म घडी करून वहीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बापाला उठवून फरशीवर नेलं.

रविवार उजाडला. आठ जोड्या आल्या होत्या आणि कबड्डीला जमावी तशी गर्दी झाली होती, कारण बंकटनं टपरीवरून आठवडाभर हाच विषय चालवला होता. नसीम-आफ्रीन पहिली फेरी जिंकले. दुसरीही जिंकले. आणि इथं नसीमचं सगळं गणित बिघडलं. अंगाला घाम आला, लोकांनी त्याचं नाव घेतलं, आणि वीस वर्षं झोपलेला चढाईचा गडी उठून बसला. हरायचं ठरवून आलेला माणूस दुपारपर्यंत जिंकायला इतका इरेला पेटला, की सही, पुणे, वसतिगृह सगळं विसरला.

शेवटचा सामना युसूफ वडगाव या गावच्या जोडीशी होता, दीपमालाबाई आणि त्यांचा मुलगा प्रविण. दीपमालाबाई अंगणवाडीत काम करायच्या. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस आणि त्यावर कमरेला बांधलेली ओढणी, आणि खेळ असा की चेंडू त्यांच्या बॅटीवरून नुसता घसरून जाळीच्या पलीकडं पडायचा. प्रविण उंच, त्याचा हात सगळीकडं पुरायचा.

पहिल्यापासूनच घोळ झाला. सर्व्हिस आफ्रीनची आली. तिनं आकडे सांगितले.

"बाळा, किती म्हणालीस?" पलीकडून दीपमालाबाईंनी विचारलं.

आफ्रीननं पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत न्हाई गं."

गर्दीत कुणीतरी हसलं. नसीमनं चिडून स्वतःच ओरडून सांगितलं, "शून्य, शून्य, दोन!" गुण लिहायच्या टेबलावरून मॅडम म्हणाल्या, "नसीमभाई, आपल्या स्पर्धेत ज्याची सर्व्हिस त्यानंच आकडा सांगायचा." आफ्रीनची मान खाली गेली. ती तिसऱ्यांदा बोलली, तेव्हा दीपमालाबाई जाळीजवळ येऊन कान देऊन उभ्या राहिल्या. अख्ख्या सामन्यात हेच चाललं. तिच्या प्रत्येक सर्व्हिसला खेळ थांबायचा, प्रत्येक वेळी लोक हसायचे आणि नसीमच्या कानशिलात रक्त चढायचं. फॉर्मची आठवण त्याला तेव्हा झाली. बघा, तो मनाशी म्हणाला, इथं कड्यात, आपल्या माणसांत ही गत.

खेळ मात्र पोरीचा लखलखीत होता. चार-सात मागं होते, तिथून तिनं आठ-आठ केलं. मग नऊ-नऊ. मग दहा-नऊ. सर्व्हिस नसीमची होती, ती त्यानं जाळीत घातली, आणि आता दुसरी सर्व्हिस, आफ्रीनची. एक गुण मिळाला की सामना खिशात. ही गेली तर सर्व्हिस पलीकडं.

"दहा, नऊ, दोन," आफ्रीन म्हणाली. नसीमला ऐकू आलं, पलीकडं गेलं की नाही कुणास ठाऊक, पण दीपमालाबाईंनी या वेळी विचारलं नाही. त्यांनी मान डोलावली.

सर्व्हिस खालून, तिरकी गेली. टप्पा. प्रविणनं खोल परत केली. टप्पा. आफ्रीननं चेंडू उचलून अलगद जाळीपलीकडं ठेवला. दीपमालाबाई पुढं आल्या, त्यांनीही अलगदच परत ठेवला. गर्दी गप्प झाली. चार जण जाळीजवळ आणि मधे भोकांचा तो चेंडू, टक, टक, टक, एकमेकांच्या किचनमध्ये टाकायचा, कुणीही उंच द्यायचा नाही. नसीमचे पाय रेघेच्या मागं, बोटं आवळलेली. तो मोजत होता. नऊ, दहा, अकरा. बाराव्याला दीपमालाबाईंचा हात जरासा वर गेला.

चेंडू उंच आला. नसीमला तो मोठा दिसला. त्यानं रेघेच्या मागूनच, हवेतल्या हवेत, दोघांच्या मधून असा हाणला की तो फरशीवर आपटला, पुन्हा आपटला आणि शाळेच्या भिंतीला जाऊन लागला. दीपमालाबाई आणि प्रविण पाठ फिरवून त्याच्यामागं धावले होते.

आणि नसीमचं शरीर थांबलं नाही. फटक्याच्या झोकात ते पुढं झुकलं, आणि झुकल्याबरोबर त्याच्या हाडांत बसलेलं जुनं काहीतरी जागं झालं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी अंगावर पडलं नव्हतं, तरी तो झेपावला. किचनची रेघ ओलांडून, सात फूट सिमेंटवर छाती घासत, हात लांब करून त्यानं जाळीखालच्या पिवळ्या रेघेला पंजा टेकवला. मधली रेघ! जिता!

"आला! आला रं आला!" गर्दी फुटली. सगळी कबड्डीची माणसं. कुणाच्याही मनात शंका नव्हती, मधल्या रेघेला हात लागला होता. बंकट टपरीचा फडका फिरवत मैदानाकडं पळत निघाला. नसीम पालथा पडून हसत होता. त्याला श्वास मिळत नव्हता आणि तरी आयुष्यात इतकं बरं त्याला क्वचितच वाटलं होतं.

मग त्याच्या डोळ्यांसमोर दुकानाची फरशी आली आणि तिच्यावरचा खडूचा पट्टा.

तो हसायचा थांबला. पलीकडं दीपमालाबाई परत फिरल्या होत्या. त्यांनी त्याला झेप घेताना पाहिलं नव्हतं, पडलेला पाहिला होता, आणि त्या बॅट काखेत धरून हात मिळवायला येत होत्या. मॅडम टेबलावर वाकून लिहीत होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं. त्यानं मान वळवली. मागं, किचनच्या रेघेबाहेर आफ्रीन उभी होती, बॅट खाली, आणि ती त्याच्या पायांकडं बघत होती.

दोघांची नजर भेटली. नसीमनं मान हलवली, अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी. नको.

आफ्रीनचे ओठ हलले. काय म्हणाली ते त्याला ओठांवरून कळलं, ऐकू आलं नाही. त्या गलक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. आणि नसीमला हायसं वाटलं. ज्या आवाजापायी तो रात्रीचा झोपत नव्हता, तो आवाज एवढासाच आहे याचं त्याला त्या क्षणी बरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्याला स्वतःची शरम वाटायची ती याच गोष्टीची.

आफ्रीननं डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, चढाईला निघालेला गडी घेतो तसा.

"फॉल्ट!"

तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. बंकट होता तिथं थबकला. मॅडमनी मान वर केली. गर्दीचा गलका तुटला आणि त्या शांततेत पोरगी पुन्हा ओरडली, प्रत्येक शब्द सुटा, "फॉल्ट आहे! अब्बांचा झोक किचनमध्ये गेला! गुण नाही!"

मग लोकांना कंठ फुटला. "ए पोरी, बापावर उलटती का?" "चेंडू मेलता की आधीच!" "लिहा मॅडम, अकरा लिहा!" बंकट कपाळाला हात लावून उभा होता. आफ्रीन जागेवरून हलली नाही.

मॅडम जाळीपाशी आल्या. "नसीमभाई, मी लिहीत होते, मला दिसलं नाही. तुम्ही सांगा."

नसीम उठून बसला. कोपर सोललं होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता आणि सगळा गाव त्याच्या बाजूनं होता. त्यानं पोरीकडं पाहिलं. या आवाजाला बारा वर्षं कुणी गप्प बसवलं, हे त्याला तेव्हा लख्ख दिसलं. दुसरं कुणी नव्हतं. तो मोजत होता आणि ती वाट बघत होती, मोजणं कधी संपतंय याची.

"गेलतो," तो म्हणाला. "झोकातच गेलतो. पोरगी खरं बोलती."

सर्व्हिस पलीकडं गेली. त्यानंतर फार काही उरलं नाही. नसीमचे हात जड झाले होते, आणि युसूफ वडगावची जोडी थांबणारी नव्हती. दहा-दहा झाले, मग अकरा-दहा, मग बारा-दहा. दीपमालाबाईंनी जाळीवरून आफ्रीनचा गाल धरला आणि म्हणाल्या, "आता कसं ऐकू आलं गं." बाकी कुणी बापलेकीशी बोललं नाही. मोटारसायकलवर ती मागं बसली, तो पुढं, आणि दोघं घरी आले. हरलो तर विषय बंद, असं तो चारचौघांत म्हणाला होता.

सोमवारी सकाळी नसीम एक मोटार भरत बसला होता. एकतीस, बत्तीस, तेहतीस. आफ्रीन शाळेच्या कपड्यांत दारात आली. हातात फॉर्म, कोरा, मॅडमना परत द्यायला. ती समोर येऊन नुसती उभी राहिली. तेहतिसाव्या वेढ्यावर नसीमचा हात थांबला.

"बंकटला चहा सांग," तो म्हणाला.

"जाऊन येते."

"जायचं न्हाई. हितनं सांग."

आफ्रीननं बापाकडं पाहिलं. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता, त्यावर गाणी लावलेली. बंकट कालपासून रुसलेला, पाठ करून भांडी विसळत होता. ती दारात गेली. कमरेवर हात ठेवले.

"बंकटकाका!"

बंकटच्या हातातलं पातेलं खाली पडलं. तो गर्रकन वळला आणि आवाज कुणाचा म्हणून रस्ताभर बघायला लागला. मग त्याला दारात उभी असलेली पोरगी दिसली. "किती?" तो ओरडला.

"दोन!"

नसीमनं हात पुढं केला. "दे तो कागद."

"पण अब्बा, आपण हरलो."

"मी हरलो. तू कावून थांबतीस?"

त्यानं सही केली. सहीशेजारी वार्निशचा अंगठा उमटला, तो पुसायला गेला तर आणखी पसरला. आफ्रीननं फॉर्म फुंकर घालून वाळवला, वहीत ठेवला आणि पळाली. बंकट दोन ग्लास घेऊन आला, तोवर ती शाळेच्या वळणावर पोचली होती.

नसीम कामाकडं वळला तर आकडा गेला होता. चौतीस की तेहतीस? तो चिडला नाही. सगळी तार उलगडून त्यानं पहिला वेढा घेतला आणि मग समोरच्या दुसऱ्या ग्लासाकडं बघत तसाच बसून राहिला. जूनपासून बंकटला एकच चहा सांगायची सवय करावी लागणार होती.